वसिलचं बोट

नेस्टरने गव्हाचे चार दाणे तोंडात टाकले आणि कोठाराच्या दारातून दक्षिणेकडे पाहिलं. मागच्या रस्त्यावर धूळ उठली होती. त्या बाजूला गावातल्या कोणाचंच शेत नव्हतं. रस्ता जायचा तो थेट चाळीस मैलांवरच्या नव्या, मोठ्या कोठाराकडे.

शनिवारपर्यंत वेर्ना गावाच्या गव्हाने मालगाडीचे वीस डबे भरले, तरच रेल्वे गावापर्यंतचा हा फाटा चालू ठेवणार होती. चर्चच्या सभागृहात सगळ्यांनी तसं वचन देऊन सह्या केल्या होत्या. पहिली सही वसिलची. "गहू जाईल तो नेस्टरच्याच कोठारात," असं छातीठोकपणे तोच म्हणाला होता. दोघं एका बाकावर शिकलेले, आणि नेस्टरच्या लेकीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभा राहिलेलाही तोच.

कोण आहे ते पाहायला नेस्टर गाडी घेऊन आडवाटेने पुढे गेला आणि वळून त्याच रस्त्याने परत येऊ लागला. समोरून वसिलचा लाल ट्रक येत होता, ओझ्याने मागे बसलेला. वसिलने स्टीअरिंगवरून एक बोट उचललं. इकडे वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला असाच नमस्कार करतात. नेस्टरचंही बोट आपसूक उठलं, आणि मग त्याला त्या बोटाची किळस आली. मागच्या धुळीत आणखी दोन ट्रक होते, दोन्ही ओळखीचे.

शनिवारी इंजिनाने वीसपैकी अकरा डबे रिकामेच ओढून नेले. वसिल रुळांपाशी आला, टोपी काढून उभा राहिला.

"दोनच खेपा केल्या रे. तिकडे भाव बरा होता. माझ्या दोन खेपांनी असं काय होणार होतं?"

"सगळे हेच म्हणत असतील."

"मग माझ्यावरच कशाला डूख धरतोस?"

"बाकीच्यांना मी लेकीचा धर्मपिता केलं नव्हतं."

वसिलने केसाने गळा कापला होता, आणि वर समजूतही नेस्टरनेच घालावी अशी त्याची अपेक्षा होती. नेस्टर वळून कोठार झाडायला गेला.

रविवारी चर्चच्या वाटेवर लाल ट्रक समोर आला. वसिलचं बोट उठलं. नेस्टरने दोन्ही हात स्टीअरिंगवर घट्ट ठेवले आणि सरळ पुढे पाहत राहिला. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, स्टेफाने, मागे वळून ट्रककडे पाहिलं.

दुपारपर्यंत तिला तीन फोन आले.

"अगं, तुमच्यात झालंय तरी काय? नेस्टरनं वसिलला बोट उचललं नाही म्हणे. माणसानं इतकं तोडून वागू नये, बाई."

स्टेफाने फोन ठेवला. रिकाम्या गेलेल्या डब्यांबद्दल एकीनेही विचारलं नव्हतं.