कुमुदताईंना बसायचं आहे

या मंडळी, असे थोडे पुढे सरका. मागे भिंतीला टेकून ऐकायची ही हकीगत नव्हे. टाळ नसले तरी चालतील, कान तेवढे इकडे द्या. थकलेल्या माणसांची गोष्ट आहे, म्हणून मीही सावकाशच सांगणार.

मुकुंदा आठल्याच्या थोरल्या बहीण कुमुदताई एका पेनड्राइव्हमध्ये राहतात. पेनड्राइव्ह बोटाच्या दोन पेरांएवढा, निळा. चाळीस वर्षं ताई गावोगाव कीर्तनं करायच्या आणि मुकुंदा मागे बसून पेटी धरायचा. एरवी पोटापाण्याला संगणक दुरुस्त करायचा. मग ताईंचे गुडघे गेले.

"मुकुंदा," त्या म्हणाल्या, "एसटीच्या पायऱ्या चढवत नाहीत रे आता. मला कशात तरी हलकी करून ठेव."

एका दुपारी त्याने त्यांना आत उतरवलं. आधी आवाज गेला, मग चिपळ्या, मग नऊवारी, शेवटी कपाळावरचा बुक्का. उतरवून झाल्यावर संगणकाने विचारलं, इथून पुढे घडेल ते लक्षात ठेवायला जागा राखू का? मुकुंदा पडला पेटीवाला. कीर्तन काय, दर खेपेला नमनापासूनच व्हायचं. मागचं लक्षात ठेवून करायचंय काय? त्याने 'नको' दाबलं. दुसरा कुणीही 'हो' म्हणाला असता.

आत जाताना ताई नारदाच्या गादीवर उभ्या होत्या. आणि त्या गादीवर एकदा उभं राहिलं, की आख्यान संपेपर्यंत बसता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तेव्हापासून असं चाललंय. कुठलाही संगणक घ्यावा, बंद असताना त्याला पेनड्राइव्ह लावावा, आणि चालू करताना एफ-बाराची कळ दाबत राहावं. मग तो संगणक आपला संसार बाजूला ठेवतो आणि ताईंचा मांडतो. खोलीत मंडप उभा राहतो, समया लागतात, ताई नमन म्हणतात. संगणक बंद झाला की सगळं पुसलं जातं. पुढच्या संगणकावर ताई पुन्हा नमनाला उभ्या. अशी तीन वर्षं झाली. एकदा, फक्त एकदा, आख्यान तडीस गेलं आणि ताई टेकल्या, की बसलेल्या बाईला पुन्हा उभं करायची ताकद कुठल्या यंत्रात नाही, असं मुकुंदाचं मत होतं. तेवढ्यासाठी तो हिंडत होता.

घरचा संगणक त्याने पहिल्यांदाच लावून पाहिला होता. पण घरच्यांपुढे कीर्तन कधी रंगलंय? मंडपाऐवजी स्वयंपाकघर लागलं. ताई ओट्याशी उभ्या. "दूध तापवलंस का?" एवढंच विचारत राहिल्या.

मग वाचनालय. तिथल्या टेंबेबाईंनी जुना संगणक दाखवला. मंडप दोनशे माणसांचा लागला. पुस्तकांची कपाटं मागे सरकली, वर्तमानपत्रं वाचणारे म्हातारे मांडी घालून ओळीत बसले. टेंबेबाई टाळ्यांचा ठेका धरून डोलायला लागल्या. नमन झालं, पूर्वरंग झाला. मध्यंतरात ताईंना हार घालतात, तो टेंबेबाईंनीच घातला. ताईंनी पदर खोचला आणि आख्यानाचं पहिलं वाक्य उचललं, तोच वीज गेली.

कपाटं पुढे आली. टेंबेबाईंनी चष्मा पुसला. "आपण सभासद आहात का?"

"बाई, आत्ता तुम्ही ताईंना हार घातलात."

"हार? सभासद नसाल तर खुर्ची सोडा हो. लोक ताटकळलेत."

त्यानंतर साखर कारखान्याचा वजनकाटा. केबिनमध्ये काटेवाला शिर्के एकटाच होता. इथे मंडप वीस माणसांचा लागला. मुकुंदाने ते पाहिलं. उसाच्या ट्रॅक्टरवरचे लोक उतरून बसले. ताई बोलत होत्या तसं पडद्यावर त्यांचं वजन दिसत होतं: नमनाला चाळीस किलो, पूर्वरंगाला अडतीस. हार घातला तेव्हा छत्तीस.

"ओ पेटीवाले," शिर्के डोळे पुसत म्हणाला, "बाई झिजायल्या की. बसवा त्यांना."

"आख्यान झालं की बसतील."

"मग आवरतं घ्या म्हणावं!"

"आख्यान आवरतं घेता येत नाही, साहेब."

"कोन म्हनतं?"

"त्याच म्हणतात."

बाहेर उसाच्या गाड्यांची रांग वाढत गेली, भोंगे वाजायला लागले. आख्यान निम्म्यावर आलं आणि शिर्केचा हात सवयीने बटणाकडे गेला. संगणक बंद करून चालू केला की काटा शून्यावर येतो. आला. शिर्केने मुकुंदाकडे पाहिलं आणि विचारलं, "गाडी नंबर?"

मुकुंदाचे पाय आता ताईंसारखेच दुखत होते. बसस्टँडमागे संगणकाचं एक दुकान होतं. रेश्मा नावाची बाई ते चालवायची. भर दुपार होती.

"काका, हा घ्या. नवा आहे, वीज गेली तरी बॅटरीवर चालतो," ती म्हणाली. "मधे कुणी हात लावणार नाही. मी डबा खाते."

मुकुंदाने एफ-बारा दाबलं. या वेळी मंडप स्टुलाएवढा लागला. त्यात गादी, ताई आणि पेटीसकट तो. दुकानाचं दार मंडपात मावलं नाही, म्हणून ते राहिलंच नाही.

नमन झालं. पूर्वरंग झाला. हार घालायला दुसरं कुणी नव्हतं, मुकुंदाने घातला. आयुष्यात पहिल्यांदा तो ताईंना समोरून बघत होता. पेटीवाला मागे बसतो ना.

आख्यान एका भोयाचं. देवाची पालखी वाहायचा, पुढच्या दांडीला. त्यामुळे जन्मभर देवाकडे पाठ. देव कसा दिसतो, हे गावात त्या एकट्यालाच ठाऊक नव्हतं. ताई सांगत होत्या, आवाज उतरला होता, पण सूर जागेवर होता. कुणी बटण दाबलं नाही. वीज गेली नाही. भोयाचा खांदा सुजला, तो वाटेत कोसळला, आणि पालखीतून देव खाली उतरले. त्यांनी दांडी आपल्या खांद्यावर घेतली.

"आणि देव म्हणाले," ताई म्हणाल्या, "अरे, आज तू बस."

आख्यान संपलं. मुकुंदाने पेटीचा भाता मिटला. "ताई," तो म्हणाला, "झालं. आता टेक."

"बसू ना रे?"

"बस."

ताईंनी चिपळ्या खाली ठेवल्या, एक हात गुडघ्यावर टेकवला आणि त्या वाकल्या. आख्यान संपलं म्हणजे काम संपलं, असं त्या शहाण्या संगणकाने धरलं. पडद्यावर अक्षरं आली: पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा.

समईची ज्योत होती तिथे थांबली. ताईही थांबल्या. गादीपासून चार बोटं वर.

"मुकुंदा," त्या म्हणाल्या. ओठ तेवढे हलत होते. "मला धर किंवा सोड."

त्याने पेनड्राइव्हला हात लावला. तो तापलेला होता. काढावा, तर पुन्हा नमन. न काढावा, तर ही चार बोटं. बाहेरून, दार नव्हतं तिकडून, रेश्माचा आवाज आला, "झालं का हो काका?"

मंडळी, तुम्ही आता घरी जाल, हातपाय धुऊन हुश्श करून कुठेतरी बसाल. अंग खाली टेकायच्या आधी क्षणभर, गुडघे वाकलेले असतानाच, तेवढी कुमुदताईंची आठवण काढा.