तोरड्यांची नळी

रेवा आणि अर्णव, परवा फोनवर रेवा बोलता बोलता थांबली आणि त्या थांबण्यात मला एक जुनी शीळ ऐकू आली. तिकडच्या मोठ्या रुग्णालयात, तातडीच्या विभागात, एका माणसाचा सुजलेला गळा काही केल्या उघडेना आणि रेवाचे हात थरथरले. ‘आजी, मला सगळं येत होतं, पण त्या क्षणी काहीच आठवेना,’ असं ती म्हणाली. तो माणूस वाचला, पण तिच्या आवाजातलं थरथरणं वाचल्यासारखं वाटलं नाही. याचं उत्तर फोनवर देण्याजोगं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. माझ्या हातांना स्थिर राहायला जिने शिकवलं, तिची ओळख तुम्हा दोघांना करून द्यायची आहे. ती शांत होती असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर मात्र त्यावर विश्वास ठेवू नका.

नागपूरला इंग्रजी शाळेत आणि मग नर्सिंगला शिकून मी गडचिरोलीच्या दवाखान्यात आले, तेव्हा चंद्रपूरला अजून चांदा म्हणत. कौलारू छप्पर, दोन खोल्या, मागे बांबूचं बेट, आणि त्यापलीकडे जे सुरू होई ते थेट क्षितिजापर्यंत जंगलच. त्या दवाखान्याच्या डॉक्टर म्हणजे कमलाबाई. लोक त्यांना डाक्टरीनबाई म्हणत, मी नुसतं बाई. त्या मूल गावच्या, भाताच्या गिरण्यांच्या अखंड घरघरीत वाढलेल्या. म्हणूनच की काय, कल्लोळात त्यांचा आवाज चढण्याऐवजी उतरत असे. आश्विनातल्या धानाच्या बांध्यांवरून वारा जसा एकाच उंचीने वाहत जातो, तसं त्यांचं बोलणं. बोटं लांब, सावळी, कोरडी. तरुणपणीच आलेलं वैधव्य त्यांनी पांढऱ्या लुगड्यासारखं नीट चोपून नेसलेलं होतं. त्या साऱ्या पांढरेपणात एकच किणकिण होती: त्यांच्या पाच वर्षांच्या लेकीच्या, शेवंतीच्या पायांतल्या चांदीच्या तोरड्या. बाई रोगी तपासत असताना ती किणकिण बांबूच्या बेटाभोवती फिरत राही, आणि ती थांबली की बाई मान वर करून बघत.

एका मार्गशीर्षात ती थांबली. घटसर्प. आज लस आहे, तुमच्या पिढीने हा रोग पुस्तकातच पाहिला असेल. गळ्यात राखी रंगाचा एक पडदा धरतो आणि कोळी जाळं विणतो तितक्या निमूटपणे श्वासाची वाट विणून टाकतो. गळ्याला बाहेरून छेद द्यायला बाईंकडे सुरी होती. त्या छेदात बसवायला इवल्या गळ्याच्या मापाची नळी नव्हती आणि रोगावरचं इंजेक्शन नव्हतं. दोन्ही चांद्याला होतं. वैनगंगेचं पाणी उतरलं होतं, वाळूवर बांबूचे तट्टे अंथरून गाड्यांची वाट केलेली होती, आणि आमच्या बाजूला मोटार एकच होती, मालगुजाराची, म्हणजे गावाच्या जुन्या जमीनदाराची. मालगुजारी कायद्याने गेली होती. त्याच्या मिशीतून गेली नव्हती.

निरोप घेऊन मीच धावत गेले. वाड्यापुढे हैदराबादकडचे शिकारी पाहुणे चहा पीत होते, मोटारीत बंदुका आणि तंबू भरणं चाललं होतं. मी सांगितलं. तो माझ्याकडे न बघता पाहुण्यांकडे बघत म्हणाला, “मोटार आज पाहुण्यायच्या कामात हाय. अन डाक्टरीनीच्याच पोरीले औषध काऊन पायजे बाहेरचं? गावचे पोरं तर मोठे वाचवून राह्यली म्हन्ते!” पाहुण्यांना भाषा कळली नसावी, पण तो हसला म्हणून तेही हसले. ते हसू मी इतकी वर्षं जपून ठेवलं आहे. विटलेलं नाही.

बाईंनी बैलगाडी जोडली. गाडी नदीपाशी पोचली तेव्हा शेवंती आईच्या मांडीवर बसूनच गार पडली होती. हिवाळ्याची पिवळी, तिरपी दुपार होती. पलीकडच्या तीराकडे गेलेल्या मोटारीच्या चाकांची ताजी खूण तट्ट्यांवर उमटलेली होती. बाईंनी ती खूण बराच वेळ पाहिली. रडल्या नाहीत. पाण्याने भरलेल्या घागरीचं तोंड बांधावं तसं त्यांनी आपलं तोंड बांधून घेतलं, आणि मला वाटतं, त्यानंतर ते पुरतं असं कधी सोडलंच नाही.

शेवंतीचे दिवस झाल्यावर मला बरोबर घेऊन त्या मूलला गेल्या. सोनारापुढे तोरड्या ठेवल्या आणि कागदावर नळीचं चित्र काढून दिलं: बारीक, बाकदार, मुलाच्या करंगळीहून बारीक. म्हातारा सोनार बालपणापासून ओळखीचा. तो म्हणाला, “कमला, लेकराचा ठेवा हाय मा. आटवू नोको. राहू दे पेटीत.”

“पेटीत राहून काय करन भाऊ? वाजन काय?” बाई म्हणाल्या. “आटव.”

नळी तयार झाल्यावर त्यांनी ती ओठांना लावून फुंकली. बारीक, उंच, रानातल्या अनोळखी पाखरासारखी शीळ उमटली. बाईंचा चेहरा त्या क्षणी मी पाहिला, आणि सूड या शब्दाचा अर्थ, जो मला तोवर फक्त पोथ्यांतून माहीत होता, तो मला भट्टीच्या उजेडात प्रत्यक्ष दिसला.

रेवा, तुला हवं आहे ते इथून पुढे आहे. बाईंची स्थिरता ही नीट घडी घालून ठेवलेली चीड होती. गुदमरलेलं मूल आलं की त्या आधी स्वतःचा एक श्वास पूर्ण सोडत. मग रडणाऱ्या बायकांना कामं देत: तू पाणी तापव, तू दार धर, तू बाहेरच्यांना सांभाळ, रिकामे हात छाती बडवतात, म्हणून हात रिकामे ठेवायचेच नाहीत. मुलाला कधी आडवं करत नसत, आईच्या मांडीवर पुढे झुकवून बसवत. आणि काहीही करण्याआधी त्याच्या गळ्यावर, घाटीच्या खाली, जांभळ्या औषधाने एक उभी रेघ ओढत. नवख्याला ती रेघ निर्दय वाटे. मोहफूल वेचायला पहाटे रानात जाणाऱ्या बायकांकडून त्यांनी ते उचललं होतं. मोहाखाली अस्वल येतं, म्हणून त्या बाया आधी निघायची वाट बघून ठेवतात आणि मगच फुलांसाठी वाकतात. बाई म्हणत, “निघायची वाट आधी पाह्यची, मंग वाकायचं.” मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत: पहिला रस्ता वाफेचा, दुसरा चिमट्याने पडदा काढायचा, तिसरा या रेघेचा. आणि एक रस्ता बंद दिसला की त्याच्या दारात हट्टाने उभं राहायचं नाही. पोरं रोगाने मरतात तितकीच वैद्याच्या हट्टानेही मरतात, असं त्यांचं मत होतं.

पुढच्या फाल्गुनात पळस पेटले होते, दुपार मोहाच्या वासाने जड झाली होती, आणि दवाखान्याच्या दारात तीच मोटार येऊन थांबली. मालगुजाराचा एकुलता नातू. ओठ जांभळासारखे, गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात असलेली. म्हातारा टोपी हातात घेऊन ओरडत होता, “बाई, माह्या नातवाले वाचवा! मांगाल ते देतो! गाव देतो!”

खरं सांगते, माझ्या मनात आलं, की बाईंनी थोडं थांबावं. हातातलं पातेलं सावकाश खाली ठेवावं, सावकाश हात धुवावेत, आणि या माणसाला तो घुसमटीचा आवाज पुरता ऐकू द्यावा. पण बाईंचे हात माझ्या मनाच्या आज्ञेत नव्हते. त्यांच्या स्वतःच्या मनाच्या आज्ञेतही नसावेत त्या वेळी. त्यांनी श्वास सोडला. म्हणाल्या, “आवाज कमी करा मालक. तुमचा नाई, त्याचा आयकू येऊ द्या मले.” रेघ ओढली. मुलाच्या आईला, मालगुजाराच्या सुनेला, मूल मांडीवर घेऊन बसवलं. आणि मालगुजाराकडे बोट केलं: “तुमी इथी बसा. डोकं धरा त्याचं. डोये मिटायचे नाई.”

वाफेने काही झालं नाही. चिमट्याने पडद्याचा एक तुकडा आला, रक्त आलं, वाट उघडली नाही. “आणखी एकदा, बाई,” मी पुटपुटले. “नाई. हा रस्ता बंद,” त्या म्हणाल्या. मुलाची छाती धडपडायची थांबली होती, मान सैल पडली होती. कोनाड्यातल्या आरशाने उन्हाचा एक कवडसा मी त्या जांभळ्या रेघेवर धरला, आणि त्या कवडशात बाईंच्या बोटांनी जे केलं ते एखादी बाई फुलाची पाकळी दुमडते तेवढ्या हलकेपणाने केलं. क्षणभर काहीच नाही. बाहेरचा वाराही थांबल्यासारखा. मग रक्ताचा, पडद्याचा एक उमाळा, आणि त्यामागून ती बारीक, उंच शीळ. पुन्हा. पुन्हा. ओठांवरचं जांभूळ हळूहळू उतरलं.

म्हातारा ढसाढसा रडत होता. मग त्याला भान आलं. “पोरगा रडून काऊन नाई राह्यला? आवाज कुठी गेला त्याचा?”

“नळी हाय तवरी त्याचा आवाज नाई. हा नळीचा हाय.” बाई हात धूत होत्या, पाणी गुलाबी होत होतं. “माह्या शेवंतीच्या तोरड्या हायेत त्या. वाजून राह्यल्या. आयका.”

त्याने नळीकडे पाहिलं. मग दाराकडे. उठला, म्हणाला, घरी जाऊन येतो, जीव घाबरून राह्यला. बाईंनी लुगड्याच्या पदराला हात पुसले आणि अगदी खालच्या पट्टीत विचारलं, “काऊन? मोटार आज पाहुण्यायच्या कामात हाय काय?”

तो बसला. मोटार इंजेक्शन आणायला चांद्याला गेली; नळी काढेपर्यंत तो रोज बसला. श्वासागणिक ती शीळ वाजे, आणि प्रत्येक शिळेला त्याचे खांदे किंचित आत जात, पायात काटा मोडलेल्या जनावराचे जातात तसे. बाई एकदाही त्याच्यावर चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. त्याला पाणी विचारत, नातवाचा ताप सांगत. ती सभ्यता पाहून लोक म्हणत, डाक्टरीनबाई देवमानूस हाय. मला ठाऊक होतं: नातवाला जगवणं आणि आजोबाला न सोडणं ही दोन्ही कामं त्या एकाच बैठकीत करत होत्या.

मूल बोलू लागलं, घरी निघालं, तेव्हा मालगुजार पुन्हा म्हणाला, मांगाल ते. बाईंनी मागितला तो चांदीचा पेला. त्या शिकारीच्या आठवणीसाठी पाहुण्यांनी त्याला दिलेला, पोटावर वाघ कोरलेला, बैठकीत उंचावर ठेवलेला. त्याचा चेहरा पडला, कारण कशाबद्दल मागताहेत ते त्याला कळलं होतं. मूल गावच्या त्याच सोनारापुढे त्याला स्वतः बसवलं. भट्टीत वाघ आधी लाल झाला, मग मऊ झाला, मग त्याचे पट्टे एकमेकांत वाहून गेले. “मालक,” म्हातारा सोनार फुंकणी बाजूला करून म्हणाला, “तुमी वाघ मारला होता ना? हे पाहा, आता मेला.” बाई त्या दिवशी हसल्या. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. त्या चांदीतून लहानमोठ्या मापांच्या नळ्या झाल्या, आणि कुरखेड्यापासून जिवतीपर्यंत कितीतरी मुलांनी त्या वाघातून श्वास घेतला.

त्याला बाईंनी क्षमा केली नाही. मीही केलेली नाही, आणि या वयात शिकायचा विचार नाही. काळ जखमा भरतो असं म्हणतात. मी पाहिला तो काळ एका लहान मुलीच्या अनुपस्थितीभोवती चांदीसारखा ओतला गेला, आणि जी पोकळी उरली तिच्यातूनच दुसऱ्यांचा श्वास ये-जा करत राहिला.

बाई गेल्या, दवाखाना पाडून मोठा झाला, पेल्याच्या नळ्या कुठे कुठे गेल्या ठाऊक नाही. शेवंतीची नळी माझ्या कपाटात, मलमलीत गुंडाळलेली आहे. दर दिवाळीला मी ती घासते, आणि फुंकली की अजून वाजते.