साहेबांच्या दारातला बाक

मी एक जुना लाकडी बाक आहे आणि मित्रांनो, मी चिडलेला आहे. बाकाने चिडू नये, निमूटपणे लोकांचा भार सोसावा, असं तुम्हाला कोणी शिकवलं असेल. पुष्कळ वर्षं मीही तेच केलं.

बेंगळुरूच्या चिकपेटातल्या एका सुताराने मला घडवलं. लाकूड फणसाचं, लांबी सहा फूट, पाय असे दणकट की चार माणसं बसली तरी हूं की चूं नाही. के. आर. पुरमच्या पलीकडे आमचं गाव होतं. ते तेव्हा बेंगळुरूत आलेलं नव्हतं. गावाची स्वतःची नगरसभा होती, तिचं स्वतःचं पाणीखातं होतं. त्या खात्याचे इंजिनिअर भीमाचार्य यांच्या खोलीबाहेर मला ठेवलं.

तेव्हा पाणी धो धो येत होतं, असं मी म्हणणार नाही. खोटं बोलायला मी काय खुर्ची आहे? एका नगरसेवकाने पुतणीच्या लग्नासाठी दोन गल्ल्यांचं पाणी मांडवाकडे वळवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी बायकांनी त्याच्या दारात जाऊन त्याची सात पिढ्यांसकट पूजा बांधली, आणि पुढच्या निवडणुकीत तो सपाटून पडला.

त्या बायकांच्या पुढे असायच्या प्रेमाअक्का. त्यांचे यजमान मधुकरराव सरकारी कारखान्यात नोकरीला होते, आणि अक्का घरीच पोळीभाजीची मेस चालवायच्या. नळ कोरडा पडला की त्या चारपाच जणींना घेऊन यायच्या, मला उचलून इंजिनिअरच्या दारात आडवा टाकायच्या आणि वर ठाण मांडून बसायच्या. कचेरी सुटायची वेळ झाली की भीमाचार्य दारात येऊन उभे राहायचे.

"अक्का, स्वल्प जागा द्या. घरी वाट बघतायत."

"आमच्या घरीही वाटच बघतायत, सर. आधी नळाकडे बघा."

मग ते कपाळाला हात लावून व्हॉल्व्हवाल्याला हाक मारायचे. कधी स्वतः त्याच्याबरोबर जायचे. पाणी आलं की अक्का उठायच्या आणि जाताना मला पदराने पुसून जायच्या. मित्रांनो, तेवढं कौतुक मला पुरत होतं.

पुढे गाव शहरात गेलं. पाणी मात्र शहराच्याही हाती राहिलं नाही. ते एका प्राधिकरणाकडे गेलं. त्याचे सभासद वरून नेमलेले. त्यांना आम्ही निवडून दिलं नव्हतं आणि पाडूही शकत नव्हतो. आमची कचेरी बंद झाली. मला जिन्याखाली फेकलं. तिथे वाळवीने माझा एक पाय पोखरला, कोणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी भंगारात काढलं, तेव्हा मधुकररावांनी मला ओळखलं आणि मेसमध्ये आणून पाय बदलून दिला.

मेसमध्ये आता पुण्या-नागपूरची आयटीतली मंडळी जेवायला बसत. आणि नळ? आठवड्यातून एकदा, तोही करंगळीएवढी धार. महादेवपुऱ्यात नोकरी करणारा अवधूत एकदा ताट बाजूला सारून म्हणाला, "काकू, ॲपवर कंप्लेंट टाकली होती. सॉल्व्ह्ड दाखवतंय."

"पाणी दाखवतंय का?" अक्कांनी विचारलं.

हंडे पालथे पडले होते. टँकरच्या पाण्यावर मेस किती दिवस रेटणार? "महिन्याभरात नळ सुधारला नाही तर चूल बंद," असं अक्कांनी सांगून टाकलं. तेवढ्यात सुनावणीची नोटीस लागली: हे प्राधिकरण शहराने आपल्या ताब्यात घ्यावं का? अक्कांनी मला टेम्पोत चढवलं.

प्राधिकरणाच्या कचेरीत सातव्या मजल्यावर गार हवेचं सभागृह होतं. एका साहेबांनी गोड आवाजात विचारलं, "नगरसभेच्या काळात तुम्हाला रोज पाणी मिळायचं का?"

"नाही मिळायचं, सर," अक्का म्हणाल्या. "पण पाणी दिल्याशिवाय साहेबांना घरी जाता येत नव्हतं."

सभागृह हसलं. साहेबही हसले, आणि त्यांनी लिहून घेतलं: नागरिकांनी जुन्या आठवणी सांगितल्या. आठवणी! अंगाची लाही झाली माझ्या.

अक्कांनी आणि अवधूतने मला दारात आडवं टाकलं. त्या बसल्या, मधुकरराव बसले, आणखी दोघी बसल्या. अर्ध्या तासाने झाडूवाली बाई आली आणि म्हणाली, "अक्का, उठा आता. साहेब लोक मागच्या लिफ्टने केव्हाच गेले."

आम्ही कसे मूर्ख! कचेरीला एकच दार असतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

निर्णय अजून झालेला नाही. मेस शनिवारी बंद झाली. पातेली घासायलाही पाणी नव्हतं, म्हणून अक्कांनी ती राखेने पुसून बांधली. अवधूत हॉटेलात जेवतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगायची आमची रीत आहे. मी ते सांगणार नाही. मला रंग देऊ नका, माझा फोटोही काढू नका. तुमच्या नळाचा मालक कोण आहे ते शोधा. त्याच्या कचेरीला दारं किती आहेत ते मोजा, आणि तेवढे बाक घेऊन जा.