अंकिताचा टाक

भुताबिताला आपण भीत न्हाई, हे मी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंना ठणकावून सांगितलं. "घाला की टाक! चांदीचा तुकडाच तो."

वीरधवलची पहिली बायको, अंकिता, तीन वर्षांपूर्वी तापानं गेली. आमच्याकडं दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. अंगठ्याच्या नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उठवलेली बाई. सासूबाईंनी तासगावात तो काळ्या दोऱ्यात बांधला, आम्ही सांगलीच्या फ्लॅटवर आलो, आन दुसऱ्या सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी गिझर आपोआप चालू झाला.

"वीर, तू लावलास?"

"न्हाई गं," तो पांघरुणातनं म्हणाला. "अंकिता लावायची. सहा-पाचलाच."

मी अशी किंचाळले की शेजारच्या काकू विरजण मागायच्या निमित्तानं बघून गेल्या.

तीन महिने झाले, नवरा काय जवळ आला न्हाई. म्हणजे यायचा, पण गळ्यापर्यंत. तिथं थबकून टाक दोन बोटांत धरायचा. "अंकिता, जरा तिकडं तोंड कर की." टाक उलटा करायचा, मग डोळे भरून यायचे, मग मी उठून पाणी द्यायचं. टाक मातूर पंख्याखालीबी गरम. तापलेल्या अंगासारखा.

एकदा काढून तांदळाच्या डब्यात लपवला. पाच मिनिटांत तासगावाहून फोन.

"अपेक्षा, तांदळात काय ठेवलंस गं?"

गुपचूप परत घातला.

मग एका रविवारी मी साताऱ्याला यवतेश्वरच्या घाटात लॉज घेतलं. भर दुपारी पडदे ओढले.

"आज तिच्याशी बोलायचं न्हाई," मी म्हणाले. "मी हाय हितं. माझ्याशी बोल."

"व्हय," तो म्हणाला. आन खरंच, पहिल्यांदाच त्यानं कुणाची परवानगी मागितली न्हाई. माझ्या गळ्यावर ओठ टेकले. मी डोळे मिटले. दोरा तुटला. गटकन आवाज आला.

"काय झालं रं?"

"गिळली."

"कोण?"

"अंकिता."

साताऱ्यातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. वीरच्या पोटात बाई नीट उभी.

"केळी खावा. दोन दिवसांत पडंल बाहेर."

खरं सांगते, मला लय बरं वाटलं. गळा मोकळा! दोन दिवस मीच त्याला हातानं केळी भरवली. टाक काय पडला न्हाई.

तिसऱ्या दिवशी सांगलीत परत एक्स-रे. पोटात कुणीच न्हवतं. बाई वर चढून डाव्या बरगड्यांच्या आत उभी होती. एक्स-रेवाल्यानं मशीन बंद करून चालू केलं, पुन्हा काढला. तिथंच.

घरी आलो. वीर शर्टाची बटणं काढत म्हणाला, "अपू, आता मधी काय न्हाई. हात ठेव की."

मी त्याच्या छातीवर हात ठेवला. तळहाताला नखाएवढा फोड आला.