आधी हौद, मग केळी

ब्याण्णव सालच्या मे महिन्यात कुंदाला सातवा महिना लागला आणि त्याच आठवड्यात गावविहीर आटली.

रावेरकडचं हे केळीचं गाव. कुंदा धुळे शहरातली, लग्नाआधी तिथल्या शाळेत शास्त्र शिकवायची. तिचे सासरे पितांबर, सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं. गेल्या हिवाळ्यात नानांनी गावविहिरीला लागून असलेल्या आपल्या मळ्यात ट्यूबवेल केली होती. गावात ट्यूबवेल आणखीही होत्या, पण एवढी खोल कुणाचीच नव्हती. विहिरीत यायचं पाणी ती खालूनच ओढून घेत होती. हे सगळ्यांना कळत होतं. बोलत कुणीच नव्हतं.

त्या वर्षी ऊन असं होतं, की दुपारी अंगणातली बादली उचलली तर कडीनं हात भाजायचा. केळीची पानं कडेनं करपून काळी पडली होती. कुंदा कूलरपुढे बसून पेपर वाचत होती. धुरानं सगळी पृथ्वी तापत चालली आहे, पुढं उन्हाळे आणखी कडक होतील, पावसाचा भरवसा राहणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. तिनं ते नवऱ्याला, लीलाधरला, वाचून दाखवलं.

"पन्नास वर्षांनंतरचं आहे ते," तो म्हणाला. "तोवर आपण कुठं असणार?"

"हे असेल की." तिनं पोटावर हात ठेवला. "नानांच्या वयाचं असेल तेव्हा. आजच अंगणात पाय ठेववत नाही. त्यानं कुठं ठेवायचा?"

"म्हणून तर नानांनी ट्यूबवेल केली. त्याच्यासाठीच चाललंय ना हे सगळं?"

कुंदाच्या कपाळावरची शीर उडायला लागली. या घरात काहीही झालं तरी ते येणाऱ्या लेकरासाठी होत होतं. बांधावरच्या चिंचा तोडून तिथवर केळी नेली, ती लेकरासाठी. चोवीस तास मोटर चालायची, ती लेकरासाठी.

"त्याचं नाव पुढं करू नका," ती म्हणाली. "जमिनीतलं पाणी आत्ताच उपसून संपवायचं आणि वर म्हणायचं, तुझ्यासाठीच उपसलं. काय बोलणं आहे हे?"

स्वयंपाकघरातून सासूबाई आल्या. "अशी चिडू नको व बाई. पोटातल्यालेबी राग लागते."

"लागू द्या," कुंदा म्हणाली.

लीलाधर उठून बाहेर गेला. भांडण वाढायला लागलं, की तो मळ्यात काहीतरी काम काढायचा. माणूस वाईट नव्हता, फक्त वडिलांसमोर त्याला शब्द फुटत नसे.

मळ्यात केळी तोडायला झुलाल आणि बेबाबाई हे जोडपं यायचं. बेबाबाईलाही सातवा होता. धुणं न्यायला घरी आली, की ती कुंदाच्या शेजारी उभी राहून पोटं जोखायची. "माह्यंच मोठं दिसते न वहिनी," असं म्हणून हसायची. कुंदाला तिचं हसणं आवडायचं. पण बेबाबाई घड डोक्यावर घेऊन ट्रकपर्यंत चालायला लागली, की कुंदा खिडकीपासून दूर व्हायची. बघवत नसे.

विहीर आटल्यावर बायका गावाबाहेरच्या सुकी नावाच्या नदीच्या पात्रात झिरे खोदून पाणी आणायला लागल्या. वाळूत खड्डा करायचा, वाटीवाटीनं पाणी साचू द्यायचं, मग हंडा भरायचा. सकाळी लवकर गेलं तरी परत येईपर्यंत ऊन डोक्यावर यायचं. त्यानंतर बेबाबाई मळ्यात कामाला. कुंदानं दोनदा सासूबाईंना सांगितलं, की तिला आपल्याकडून पाणी नेऊ द्या. सासूबाई म्हणाल्या, "एकीले देल्लं त बठ्या गावाच्या बाया येतीन."

एके दिवशी बेबाबाई परतताना वाटेतच पडली. बायकांनी तिला झाडाखाली आणलं तेव्हा तिचं अंग तापलेल्या तव्यासारखं झालं होतं आणि शुद्ध नव्हती. लीलाधरनंच ट्रॅक्टर काढून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. बेबाबाई वाचली. मूल पोटातच गेलं होतं. मुलगा होता.

तिला घरी आणल्याचं कळलं तेव्हा कुंदानं चपला घातल्या. सासूबाई दारात आडव्या आल्या.

"तू तठी जाऊ नको. पोटुशा बाईनं असं पाहू नही."

"बेबाबाईनंही पाहायला नको होतं," कुंदा म्हणाली आणि त्यांच्या बाजूनं निघून गेली.

झोपडीवर पत्रा होता. आत भट्टी पेटवल्यासारखं होत होतं. बेबाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्या छातीवरचं लुगडं दुधानं ओलं झालं होतं. कुंदा तिच्याजवळ बसली. बेबाबाईनं मान वळवून आधी तिच्या पोटाकडं पाहिलं, मग तोंडाकडं.

"उन्हात फिरू नका वहिनी," ती म्हणाली.

झुलाल बाहेर उभा होता. कुंदा निघाली तसा तो दोन पावलं पुढं आला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "वहिनी, एक घागर पानी भेटीन का तुमच्या घरून? तिले आंग धुवाले पायजे. दवाखान्यातून आली तशीच हाये."

कुंदा घरी आली. नोकराकरवी दोन घागरी पाठवून दिल्या. सासूबाईंनी पाहिलं, पण अडवलं नाही. त्या रात्री कुंदा जेवली नाही. बाळंत झालेल्या बाईला न्हायला पाणी नाही आणि पलीकडे केळीच्या खोडांशी पाणी तुंबलंय, हे तिच्या डोक्यातून जाईना. रडू येईल असं तिला वाटलं होतं. रडू आलं नाही. जबडा मात्र आवळून आवळून दुखायला लागला.

सकाळी ती एकटीच मळ्यात गेली. मोटर चालू होती, पाइपातून मनगटाएवढी धार पडत होती. तिनं मेन स्विच खाली केला, स्टार्टरच्या पेटीतले चिनीमातीचे फ्यूज ओढून काढले आणि पदरात बांधले. धार बारीक झाली, मग थांबली. कुंदा मोटरीच्या खोलीच्या पायरीवर बसली.

थोड्या वेळानं नाना आले. मागोमाग लीलाधर.

"मोटर कोनं बंद केली?"

"मी."

नानांना आधी खरंच वाटेना. मग त्यांचा आवाज चढला. "हे पोट घेऊन लाइटीले हात लावला? शॉक लागला असता म्हंजे?"

"बेबाबाईला काय लागलं, नाना?"

"ते ऊन लागलं. ऊन काय म्या पाडलं?"

"ऊन तुम्ही नाही पाडलं. विहीर तुम्ही आटवलीत. विहीर असती तर ती त्या उन्हात नदीवर गेलीच नसती." "ऊन तर दरवर्षी वाढणारच आहे. त्यावर माझं काही चालत नाही. या मोटरीवर चालतं. गावात जनावरांचा हौद कोरडा पडलाय. तिथवर पाइप टाका. सकाळी आधी हौद भरेल, मग केळीला पाणी. नाहीतर मी इथून उठत नाही."

"अन् केयी वाळली त?"

"वाळू द्या. बेबाबाईचं जे गेलं ते परत लावता येणार नाही. केळी लावता येतील."

नानांनी मुलाकडं पाहिलं. "इले घरी ने."

लीलाधर जागचा हलला नाही. "कुंदा, फ्यूज काय, बाजारात मिळतात," तो हळूच म्हणाला.

"आणा. मी पुन्हा काढीन. रोज काढीन."

तोवर नदीकडं निघालेल्या बायका बांधावर थांबल्या होत्या. रिकामे हंडे कडेवर घेऊन त्या नुसत्या बघत होत्या. सातव्या महिन्याच्या सुनेला गावादेखत हाताला धरून ओढणं नानांना शक्य नव्हतं, आणि त्या बायकांना हाकलणंही आता शक्य नव्हतं. ते काठी आपटत गावाकडं चालू लागले.

लीलाधर तिच्यासमोर उकिडवा बसला.

"फ्यूज दे."

"कशाला?"

"हंडे भरू दे त्यांचे. पाइपाचं मी बघतो. नानांशी मी बोलतो."

"तुम्ही बोलाल?"

"बोलावं लागेल न आता," तो म्हणाला. त्याचं तोंड उतरलं होतं.

तो खरंच बोलला. घरात दोन दिवस आरडाओरडा झाला, सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला, पण पाइप टाकला गेला. सकाळी हौद भरायला लागला. बेबाबाई मात्र पुन्हा मळ्यात आली नाही. झुलाल तिला घेऊन सातपुड्यातल्या तिच्या माहेरी गेला. जाताना ती कुंदाला भेटली नाही, आणि कुंदाला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. हौदावर बायका आता तिचं कौतुक करायच्या. ते ऐकलं, की तिला आणखीच राग यायचा, स्वतःचासुद्धा. पाइपाला आठवडाही लागला नव्हता. तो आधी टाकता आला असता.

नानांनी तिच्याशी बोलणं टाकलं.

बाळंतपणाला ती धुळ्याला आईकडे, इंदिराबाईंकडे गेली. श्रावणात मुलगी झाली. पाऊस तुटक पडत होता आणि नळाला एक दिवसाआड पाणी येत होतं. पंधरा दिवसांनी लीलाधर मुलीला बघायला आला. बराच वेळ तिला मांडीवर घेऊन बसला, मग खाली बघतच म्हणाला, "आपल्या ट्यूबवेलचं पाणी उतरलंय. दुपारनंतर मोटर हवा ओढते. पोळा झाला, की नाना बोअरची गाडी बोलावताहेत. आणखी खोल जायचं म्हणतात. बाकीचे बागायतदारही गाडीची वाट बघताहेत."

"तुम्ही काय म्हणालात?"

"नको म्हणालो. ऐकत नाहीत."

कुंदानं कोपऱ्यातली पिशवी ओढली आणि दोरीवरची दुपटी काढून तिच्यात भरायला लागली. इंदिराबाई तूप कढवत होत्या, त्या झारा हातात घेऊनच बाहेर आल्या.

"काय करी राहिनी तू? सव्वा महिना बी व्हयना नही. पोर केवढीशी शे."

"गाडी पोळ्यानंतर येतेय, आई. त्याच्या आधी मला तिथं पोचायला हवं."

"अन् तू जाईसन काय करशी? बठ्ठं गाव बोअर करी राहिनं."

"ते मला माहीत नाही," कुंदा म्हणाली. "पण गाडी लागेल तेव्हा मी तिथं असेन, आणि ही माझ्या हातात असेल. हिच्यासमोर भोक पाडा म्हणावं."

इंदिराबाईंनी जावयाकडे पाहिलं. तो आधीच उठून दोरीवरची उरलेली दुपटी काढत होता.

"उद्या सकाळची एस.टी. धरू," तो म्हणाला. "दुपारी ऊन होईल."