सातव्या नियमातली नावं

वर्गातल्या संस्कृतीचं नाव ऐकलं की माझ्या पोटात दुखायचं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कोणी चांगली मुलगी समजायला नको.

रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्री-कॅल्क्युलसचा नवीन कोर्स सुरू झाला, कॅल्क्युलसच्या आधी पाया पक्का करायला. शिकवायला शिवलकर सर. पहिल्याच तासाला त्यांनी नियमांचा कागद वाटला. हजेरी पंचाहत्तर टक्के. गृहपाठ सोमवारी अकराच्या आत. एक मिनिट उशीर झाला तरी वही परत. बस चुकली ही सबब चालणार नाही. गणपतीत मात्र आठवडाभर सूट, कारण तेव्हा सरही गावी असतात. परीक्षेत कॅल्क्युलेटर नाही. नुसतं उत्तर लिहिलं तर शून्य, पायऱ्या दिसल्या पाहिजेत.

सातवा नियम वेगळाच होता. एकत्र बसून अभ्यास करा, पण लिहा आपलं आपण, आणि ज्याच्याकडून समजलं त्याचं नाव गृहपाठाच्या वर लिहा. सत्राच्या शेवटी ज्याचं नाव सगळ्यांत जास्त वेळा आलं असेल, त्याने पुढच्या सत्रात मागे राहिलेल्यांचा बुधवारचा उजळणीचा तास घ्यायचा. फळ्यासमोर उभं राहून.

मला पाचवीपासून मास्तरीण व्हायचंय. बारावीला गणितात अठ्ठ्याण्णव. म्हटलं, हा तास आपलाच. दुसरं आहे कोण?

दुसरी होती. लांज्याजवळच्या गावातून एस.टी.ने यायची, वडील मुंबईला नोकरीला. उशिरा प्रवेश घेतल्यामुळे हजेरीत शेवटचा नंबर. बारावीला तिला एकाहत्तर होते, मी मुद्दाम विचारून घेतलं होतं. पण महिन्याभरात जिथे बघावं तिथे 'मदत: संस्कृती'. माझ्या बाजूला बसणारा ऋत्विक, ज्याला मी स्वतः वर्गसमीकरण समजावलं, त्याच्याही वहीवर तीच. मी त्याला जाब विचारला. तो म्हणाला, तू सांगितलंस तेव्हा उत्तर आलं, तिने सांगितलं तेव्हा कळलं. असा राग आला की दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

मग मी कंबर कसली. कँटीनमध्ये बसून येईल त्याला शिकवायला लागले आणि शिकवून झालं की त्याच्या हातात पेन द्यायचे, नाव लिही म्हणून. मुलं हसायची, पण लिहायची. संस्कृती कोणाला नाव लिही म्हणायची नाही. तरी तिचीच नावं वाढायची, आणि मी घरी जाऊन आईवर डाफरायचे.

नवव्या आठवड्यात साइनचे आलेख आले. साइन तीस आणि साइन एकशेपन्नास सारखेच, हे मला पाठ होतं. का, ते कळत नव्हतं, आणि विचारणार कोणाला? एस.टी. स्टँडवर बाकाच्या एका टोकाला संस्कृती दोन मुलींना सांगत होती, दुसऱ्या टोकाला मी मोबाइलमध्ये डोकं घालून. तिच्या आजोळी, आंजर्ल्याला, वाडीतल्या विहिरीवर जुना रहाट आहे. चाकाबरोबर गाडगी फिरतात. एक गाडगं वर जातंय, दुसरं खाली येतंय, आणि एका क्षणी दोन्ही एकाच उंचीवर असतात. चाकाच्या आसापासूनची ती उंची म्हणजे साइन. एक तीस अंशावर, एक एकशेपन्नासवर.

मला आरपार कळलं. मजा वाटायच्या ऐवजी जळफळाट झाला, की हे मला का सुचलं नाही. त्या सोमवारी आणि पुढच्याही सोमवारी मी सगळी गणितं फिरत्या चाकाच्या उंचीवरून सोडवली. सरांनी समासात 'सुंदर' लिहिलं आणि वही वर्गात सगळ्यांना दाखवली. वरची 'मदत'ची ओळ मी रिकामी ठेवली होती.

शेवटच्या तासाला सरांनी वह्यांचा गठ्ठा टेबलावर घेतला आणि हजेरीच्या क्रमाने मोठ्याने मोजायला लागले. शेवटची वही उरली तेव्हा संस्कृती एक्केचाळीस, मी सदतीस. वही तिचीच होती, ती स्वतःचं नाव थोडीच लिहिणार. संपलं, असं म्हणून मी दप्तर आवरायला घेतलं.

सर वाचायला लागले, "मदत: ईशा. फळ्यावर लॉगचं गणित केलं त्यावरून." पान उलटलं. पुन्हा ईशा, म्हणजे मीच. एकूण पाच वेळा. मी तिला कधी अवाक्षर शिकवलं नव्हतं. मी फळ्यावर गणित करायचे आणि ती मागच्या बाकावरून बघून घ्यायची, एवढंच.

बेचाळीस. मी एका नावाने पुढे.

सरांनी पेनाचं टोपण लावलं नाही. म्हणाले, "नाव खोडता येणार नाही, पण राहिलं असेल तर आत्ता सांगता येईल. कोणाचं राहिलंय?"

माझ्या वहीत दोन राहिली होती. दोन लिहिली असती तर त्रेचाळीस होऊन तास तिचा. संस्कृतीने मागून माझ्याकडे पाहिलं, ते मान न वळवताही मला समजलं. मी बाकावरचा खडूचा डाग नखाने खरवडत बसले. सरांनी थोडं थांबून टोपण लावलं आणि माझं नाव जाहीर केलं. टाळ्या झाल्या.

बाहेर जिन्यात तिने मला गाठलं आणि अभिनंदन केलं. मला वाटलं, आता टोमणा मारेल. मारला असता तर बरं झालं असतं, भांडायला मी तयारच होते. मीच म्हटलं, तू माझं नाव लिहिलं नसतंस तर तास तुझा होता.

"तुझ्याकडनं समजलां, म्हणून लिवलां गो," ती म्हणाली. "रहाटाचं तू नाय लिवलंस, तां तुझं तू बघ."

आणि बस सुटेल म्हणून पळाली.

बुधवारचा तास मीच घेते. मुलं मला मॅडम म्हणतात. परवा साइनचा आलेख कोणाला कळेना, तेव्हा मी फळ्यावर रहाट काढला, गाडगी काढली, आणि सगळ्यांना एका झटक्यात कळलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने वहीत लिहिलं, 'मदत: ईशा मॅडम'. मी बघितलं आणि पुढचं गणित घातलं.