चिपसेटखालचं पाणी

खाऱ्या हवेनं खाल्लेली वस्तू गोड्या पाण्यानं धुवायची, हे कळंबच्या यमुनेचं शास्त्र होतं. होडीचं इंजिन, पंखे, इतकंच काय, रेडिओही तिनं धुतला होता, आणि तो मेला पुढे चार वर्षं वाजला. मग तिची हिंमत का वाढू नये? सोमवारी तिच्या पाहुण्यांच्या कॉटेजमधला, कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा कॉम्प्युटर चालू होईना आणि आतल्या बोर्डावर हिरवट थर दिसला, तेव्हा तिनं बोर्ड काढून विहिरीच्या पाण्यात खळबळून काढला आणि सुकटीशेजारी उन्हात ठेवला. दुपारी बटण दाबलं तर जळका वास सुटला.

एरवी यावर घरात चार दिवस हसणं झालं असतं. पण रविवारी त्यांच्या कॉटेजमध्ये उतरलेला एक तरुण बुडाला होता. इथल्याच लोकांनी त्याला पाण्यात धाडलं, असं त्याच्या घरचे म्हणत होते. "मी त्याला नको म्हनले, कॅमेऱ्यात बगा," असं यमुनेनं पोलिसांना छातीठोकपणे सांगितलं होतं. बुधवारपर्यंत ते चित्रण दाखवायचं होतं, नाहीतर गुन्हा तिच्या नवऱ्यावर, कॉटेज ज्याच्या नावावर होतं त्या जयरामवर, दाखल होणार होता.

मंगळवारी दोघं नालासोपाऱ्यात हेमांगीच्या दुरुस्तीच्या दुकानात आले. जयरामला बसवेना, तो बाहेर पायरीवर उभा राहिला.

"डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लाव ना, बाय," यमुना म्हणाली.

"डिस्क ओके आहे, मावशी. पण तुमच्या मुलानं तिला लॉक लावलंय आणि त्याची चावी ह्या चिपसेटमध्ये आहे." हेमांगीनं बोर्डावरच्या काळ्या चौकोनी चिपकडे बोट केलं. "डिस्क, कॅमेरा, कीबोर्ड, सगळ्यांचा निरोप हिच्यामार्फत प्रोसेसरला जातो. हिच्या खाली सोल्डरचे शेकडो बारीक टाके असतात. पाणी तिथे अडकलं आणि तुम्ही करंट सोडला."

"आनि ही मेली तं?"

"मग ते चित्रण कोणालाच उघडणार नाही."

हिनं मुद्दामच धुतलं, असं पोलीस म्हणतील, यमुनेच्या मनात आलं. तिनं स्वतः तरी दुसऱ्या कुणावर विश्वास ठेवला असता का?

हेमांगीनं गरम हवेनं चिप उचलली, खालची घाण पुसली, नवे टाके भरून ती जागेवर बसवली. बोर्ड थंड होईस्तोवर यमुनेनं गावातला एकही देव सोडला नाही. मग पडद्यावर उजेड आला आणि कुलूप उघडलं.

"चालू झाला," हेमांगी बाहेर ऐकू जाईल असं म्हणाली आणि तिनं रविवारची दुपार लावली.

चित्राला आवाज नव्हता. ओसरीवर यमुना उभी होती. तरुणानं तिला काहीतरी विचारलं. तिनं हात लांब करून समुद्राकडे बोट दाखवलं, मग पुन्हा दाखवलं. तो हसला, मान डोलावली आणि तिनं दाखवलं त्याच बाजूला गेला.

"तिथं पान्याला खेच हाय, जाऊ नको, असं सांगत होते मी," यमुना पुटपुटली.

हेमांगीनं स्पीकरची वायर तपासली, आवाज पूर्ण वाढवला. मग ती यमुनेकडे न बघता म्हणाली, "आवाज रेकॉर्डच झालेला नाहीये, मावशी."

पायरीवर जयराम फोनवर बोलत होता. कितीतरी वेळानं त्याचा आवाज मोकळा झाला होता.

"साहेब, मिळालं," तो सांगत होता. "आमची बायको सोता घेऊन येते."